वहीतलं ओलं रान

एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि पश्चिमेकडून असा वारा सुटला होता की माळावरची धूळ दातांत करकरत होती. पहाटे दहिवर गोठून गवत पांढरं पडलं होतं, पण डोंगराकडे पाहिलं तर तिथे पांढरं फारसं काही नव्हतं. यंदा बर्फ गुडघाभरही पडला नव्हता. ओर्लिंडा राएल सहाच्या सुमाराला पाटाच्या मुखाशी पोचली. पायांत रबरी बूट, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट, खांद्यावर फावडं. रात्रभर वाऱ्यानं गडगडत आलेली काटेरी झुडपं जाळीला अडकून तिथे डोंगर झाला होता. हातमोजे न घालताच ती एकेक झुडूप ओढून काठावर फेकत होती.

"हातमोजे घाल की कोमाद्रे," मी म्हटलं.

"हातमोजे घातले की काटं कुठं हायत ते कळत न्हाई," ती म्हणाली. "मग ढुंगणाला लागल्यावर कळतंय."

मी लिनो आर्चिबेके. माझ्या थोरलीची ती धर्ममाता, म्हणून ती मला कोम्पाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. न्यू मेक्सिकोच्या या उत्तरेकडच्या खोऱ्यात लास मोरास नावाचं आमचं गाव आहे, आणि गावाचे तीन पाट आहेत. मधल्या पाटावर सव्वीस घरं. त्यातलं शेवटचं दार माझं. गावात मला पाटाचं शेपूट म्हणतात, आणि शेपटाकडे माश्याच जास्त येतात, असंही म्हणतात. पाणी सुटायच्या पहिल्या दिवशी मी मुखाशी हजर असतो, कारण पाणी माझ्यापर्यंत पोचेल की नाही हे तिथेच कळतं.

ओर्लिंडा तेव्हा एकोणसत्तर वर्षांची. पाटाचं काम हाती घेण्याआधी सव्वीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. बस सोडली आणि त्याच वर्षी पाटाच्या सभेत तिला पाटकरीण केलं. आधीचा पाटकरी दारू पिऊन बांधावर झोपायचा आणि पाणी वाटेल तिकडं जायचं. बाईमाणसाला फावडं पेलवेल का, असं कुणीतरी विचारलं. ओर्लिंडा म्हणाली, "चाळीस पोरं घेऊन बर्फातनं घाट उतरलीये मी. पाणी काय, मागनं शिव्या तरी देत न्हाई." त्याला एकवीस वर्षं झाली होती.

तिची पद्धत साधी. पाळी दहा दिवसांची. कुणाचं दार कधी उघडायचं, कधी पाडायचं, हे तीच ठरवी आणि स्वतः पाट चालून बघे. गळ्यात सुतळीनं बांधलेली शाळकरी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. रान भिजून झालं की नाव, तारीख आणि पुढे एकच शब्द लिहायचा: रेगो. म्हणजे भिजवलं. वर्षाअखेर त्या पानांवरून ती प्रत्येक घराला एक चिठ्ठी लिहून देई. आमच्याकडे जन्मल्यापासून कानांवर घालतात की सलग चार वर्षं रानाला पाणी लावलं नाही तर पाण्याचा हक्क जातो. म्हणून ज्याला पेरायचं नाही तोही पाळीला येऊन दारं धरतो, नुसतं गवत भिजवतो. पाटावरच्या सगळ्यांचा हक्क त्या एका शब्दावर उभा होता म्हटलं तरी चालेल.

त्या सकाळी तिनं दाराच्या दोन फळ्या उचलल्या आणि पाणी पाटात शिरलं. पुढे फेस, काड्या, मेलेला एक उंदीर. आम्ही दोघं त्याच्याबरोबर चालत निघालो. पहिलं पाणी माणसाच्या चालीनंच येतं. सिस्नेरोसच्या रानापाशी पोचलो तर रस्त्यावर पांढरी गाडी उभी आणि कुंपणाला टेकून एलॉय सिस्नेरोस उभा.

एलॉय म्हणजे त्या रानाच्या धनिणीचा, सेल्साबाईचा, एकुलता एक मुलगा. खाली शहरात घरांना फरश्या बसवायचा धंदा करतो. शाळेत असताना ओर्लिंडाच्याच बसनं जायचा.

"तिया, तुम्ही अजून फावडं सोडलं नाही?" तो म्हणाला. रक्ताचं नातं नसलं तरी गावातली सगळी पोरं तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणतात.

"फावडं सोडलं तर टेकू कशाला? तू जाड झालास रं. शहरात काय चालत न्हाईत वाटतं."

एलॉय हसला, पण हसू टिकलं नाही. त्यानं बूट मातीत घासले. "तिया, मी सांगायलाच आलोय. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. आईच्या रानाचं पाणी मी शहराला दिलंय. अर्ज गेलाय. पेपरातही छापून आलं, महिना झाला."

"कुठल्या पेपरात?"

"तालुक्याच्या."

"त्यो पेपर आम्ही मिरचीची रोपं झाकायला घेतो," ओर्लिंडा म्हणाली. मग तिनं फावड्यानं पाण्यातला फेस बाजूला केला. "आन् रान?"

"रान राहील की. रान कोण उचलून नेणार?"

"पाण्याबिगर रान म्हंजे धूळ ठिवायची जागा."

"माझ्या पोरी तिथे राहतात, तिया. त्यांनाही तहान लागते. शहरात काय राक्षस राहतात का?"

"पिऊ दे की पोरींना. पिण्याला कोण नको म्हणतंय? पर तुमच्या गल्लीत घरापुढं गवत वाढवायचं, कापायचं आन् टाकून द्यायचं. येक शेळी तरी हाय का ते खायला?"

एलॉय परत बूट मातीत घासायला लागला. आणि इथे माझी जीभ वळवळली. आजही वाटतं, त्या वेळी मी एखादी काडी चघळत उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं. निदान त्या गोष्टीला तिथेच, त्या सकाळी तोंड फुटलं नसतं. पण मला वाटलं, पोराला पकडलं. सिस्नेरोसचा वाटा म्हणजे लहानसहान नव्हता. दहा दिवसांतले दोन दिवस त्यांचे. शहराला खाली मिळावा म्हणून तो पाचवा हिस्सा वरच्या वर नदीत सोडून द्यायचा म्हटलं तर पाटातलं पाणी पातळ होणार, आणि माझ्या दाराच्या अलीकडे अर्धा मैल वाळूचा पट्टा आहे. जोर असेल तर पाणी ती वाळू ओलांडतं, नाहीतर वाळूच पिऊन बसते. मी, आणि माझ्या वरची चार घरं, सगळे कोरडे.

म्हणून मी म्हटलं, "एलॉय, तुझं रान अकरा वर्षं भिजलंच न्हाई. चार वर्षांत हक्क जातो. जे तुझं ऱ्हायलंच न्हाई ते तू शहराला कसं देणार?"

एलॉय गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. खोटेपणा नव्हता त्याच्या तोंडावर. "भिजलं नाही कसं? दर वर्षी भिजलंय. तियानंच लिहून दिलंय." तो गाडीकडे गेला आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. सेल्साबाईच्या शिवणाचा. आत चिठ्ठ्या, वर्षावार, रबर लावून. प्रत्येकीवर ओर्लिंडाचं तिरकं अक्षर. रेगो. रेगो. रेगो.

मी कोमाद्रेकडे पाहिलं. ती खाली वाकून पाटातली एक काडी काढत होती. काडी काढून झाली तरी ती वाकलेलीच होती.

झालं होतं ते असं. सेल्साबाईचा नवरा गेला तेव्हा तिची बोटं आधीच वाकली होती. हातात चमचा धरवेना, तिथे फावडं कुठलं. पहिल्या वर्षी तिनं ओर्लिंडाला घरी बोलावलं, भोपळा भरलेल्या करंज्या, एम्पानादा, पुढे ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्या हातनं सासऱ्याचं पाणी मरायला नको गं. एलॉय म्हातारपणी येईल गावाला." विधवेचं पाणी तोडायचं नाही, ही आमच्या पाटाची जुनी रीत. पण रीत वहीत कशी लिहिणार? ओर्लिंडानं एक शब्द लिहिला. पुढच्या वर्षी परत. दोन हिवाळ्यांमागे सेल्साबाई गेली, तरी हिनं लिहिणं थांबवलं नाही, एलॉय म्हातारा व्हायचा होता अजून.

आणि सेल्साबाईच्या दोन दिवसांचं खरं पाणी कुठे गेलं? शेपटाला गेलं. माझ्याकडे. अकरा वर्षं माझी मिरची त्या पाण्यावर लाल झाली. बाजारात लोक विचारायचे, लिनो, एवढी गरदार मिरची कशी, तर मी म्हणायचो, शेणखत. मला सगळं ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणीतरी ते रान वाट्यानं करून खरंच भिजवलं असतं, नाहीतर पाटाच्या सभेत उघड लिहून घेतलं असतं की सेल्साबाईचं पाणी पाटाकडे ठेवायला दिलंय, तर हा प्रश्न आला नसता. तेही कायद्यात बसतं म्हणतात. पण पानभर कागद करण्यापेक्षा एक शब्द सोपा होता.

पुढच्या रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत सगळे जमले. दोन तास आरडाओरडा. गावाबाहेर पाणी न्यायला पाटाची परवानगी लागेल, असा ठराव इतर पाटांनी केव्हाच करून नोंदवला होता. आमचा ठराव झाला होता, सह्याही झाल्या होत्या, आणि तो अध्यक्षाच्या ट्रकच्या खणात पाच वर्षं फिरत होता. अध्यक्ष म्हणजे रोमुलो तफोया. सत्तरीचा, तीन वेळा बिनविरोध निवडून आलेला, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं.

"नोंदवायला जायचं होतं, तवा ट्रकची बॅटरी गेली," तो म्हणाला.

"पाच वर्षं?" कुणीतरी विचारलं.

"बॅटरी महिन्यानं घातली. मग इसारलो."

मग सगळे ओर्लिंडाकडे वळले. सोपं आहे, ते म्हणाले. शहराच्या अर्जाला हरकत घ्यायची, सुनावणीत उभं राहायचं आणि सांगायचं की सिस्नेरोसचं रान भिजलं नव्हतं. हक्क केव्हाच गेला. शहरानं जावं आल्या वाटेनं.

"आन् उद्या त्यांनी इचारलं की बाई, ह्यो शब्द खोटा, तर बाकीचे पंचवीस खरे कशावरनं, तर?" ओर्लिंडा म्हणाली. "तुमच्या समद्यांची रानं त्याच वहीत हायत."

मग रोमुलो म्हणाला, "आधी इचार करायचा हुता, ओर्लिंडा."

तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आता ट्रकची बॅटरी निघते. पण ती म्हणाली, "व्हय. करायचा हुता." आणि खुर्च्या भिंतीला लावायला लागली. सभा तिथेच संपली.

मी तिला घरी सोडायला गेलो. वाटेत म्हटलं, "मी सांगतो ना. पाणी मी घेतलं म्हणून."

"तू गप बस कोम्पाद्रे. तू बोललास की डबा निघतोय."

सुनावणी ऑगस्टात लागली. जिल्ह्याच्या गावी, थंडगार खोलीत, लांब टेबलं आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. ओर्लिंडानं सेल्साबाईच्या अंत्यविधीला घातला होता तो काळा ड्रेस घातला होता. शहराची वकील तिशीतली, अतिशय नम्र मुलगी. अशा माणसावर रागावताही येत नाही.

"ही चिठ्ठी तुमच्या हातची आहे का?"

"हो."

"या शब्दाचा अर्थ काय?"

"भिजवलं."

"म्हणजे हे रान त्या वर्षी भिजलं होतं."

"नाही," ओर्लिंडा म्हणाली. तिथे ती आमच्या बोलीत बोलली नाही, बस चालवताना मास्तरांशी बोलायची तसं बोलली. "ते रान भिजलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. सेल्साबाईचे हात चालत नव्हते आणि मी तिच्यासाठी लिहिलं. ते खोटं आहे. मी लिहिलेलं आहे."

एलॉय पहिल्या रांगेत होता. त्यानं मान खाली घातली. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा पटलं. आईनं त्याला डबा दिला होता, डब्यातली गोष्ट दिली नव्हती.

वकिलीणबाईंनी वही उचलून विचारलं, "मग या वहीतल्या बाकीच्या नोंदी?"

"त्या खऱ्या आहेत."

"ते आम्हाला कसं कळावं?"

"माझ्याबरोबर पाट चाला."

मागे कुणीतरी हसलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा पुसला. मग वकिलीणबाईंनी भिंतीवर एक चित्र लावलं. विमानातून काढलेलं, जुलै महिन्यातलं. आमचा पाट, आमची रानं. सिस्नेरोसचं रान त्यात हिरवंगार. एका वर्षाचं झालं की दुसऱ्याचं. सगळ्यांत हिरवं.

"हे हिरवं दिसतंय, बाई," साहेब म्हणाले.

"ते तण आहे, साहेब. तिथे पाटाला गळती आहे. पाटातलं झिरपतं ते तण पितं. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत."

"पण हिरवं आहे."

"तण आहे."

"चित्रात तसं कळत नाही."

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की ते पाणी मी वापरलं, माझ्या मिरचीला, अकरा वर्षं. साहेब म्हणाले, तुमचं नाव साक्षीदारांत नाही, बसा. मी म्हटलं, पण खरं काय ते मला ठाऊक आहे. ते म्हणाले, बसा. मी बसलो. माझ्या आयुष्यात खरं बोलायला उभं राहायचा तो एकच प्रसंग, आणि तो अर्ध्या मिनिटात संपला.

परतताना ट्रकमध्ये घाटाखाली आल्यावर ओर्लिंडा म्हणाली, "ती गळती मी दर वर्षी बुजवायची म्हणत हुते. तू म्हणायचास, राहू दे, कोमाद्रे, चिमण्या पितात."

म्हणालो होतो.

निकाल मार्चमध्ये आला. बारा पानं. आम्ही तो माझ्या स्वयंपाकघरात वाचला, बीन्स शिजत होते. पाणी शहराला द्यायला मंजुरी. चित्रांवरून रान ओलिताखाली असल्याचं दिसतं. पाटकरणीची वही मात्र पुरावा म्हणून विसंबण्याजोगी नाही. यापुढे मधल्या पाटावर प्रत्येक दाराशी मोजणीचं यंत्र बसवावं आणि छापील तक्ते भरावेत. म्हणजे तिचं खोटं शहराला हवं तिथे तण होऊन खरं ठरलं, आणि तिचं खरं सगळीकडे खोटं ठरलं. मी ते पान परत वाचलं. कुठे तरी वाक्य उलटं समजलो असेन असं वाटलं. नव्हतो.

"आपण वरच्या कोर्टात जाऊ," मी म्हटलं.

"कुणाला घेऊन? रोमुलोला?" तिनं बीन्सवरचं झाकण काढून चव बघितली. "मीठ कमी हाय."

गावानं तिला काढलं नाही. काढायला दुसरं कुणी यायला हवं होतं ना. सभेत तिचं नाव परत पुकारलं तेव्हा हात वर झाले, पण कुणी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. तिनं काम घेतलं. मला वाटलं होतं नाही म्हणेल. मी विचारलंही, तर म्हणाली, "न्हाई म्हणून घरी काय करू? शिवण?"

या एप्रिलमध्ये पाणी सुटलं तेव्हा मुखाशी शहराचा माणूस आला होता. त्यानं दाराशेजारी लोखंडी पट्टी बसवली आणि दाखवलं की इथवरचं पाणी रोज नदीत परत सोडायचं. ते सोडायचं कामही पाटकरणीचंच. माणूस बरा होता, तिला खुर्ची आणून देऊ का म्हणाला. तिनं फळी धरली, पट्टीच्या रेघेला डोळा लावला, आणि सेल्साबाईचं पाणी स्वतःच्या हातानं नदीला दिलं. चार बोटं जास्त गेलं म्हणून त्यानं सांगितल्यावर फळी थोडी खाली केली.

मग आम्ही पाण्याबरोबर चालत निघालो. सिस्नेरोसच्या दाराला साखळी होती. पाणी तिथून पुढे गेलं. वाळूच्या पट्ट्यापाशी आम्ही थांबलो. आधी फेस गेला, मग काड्या थांबल्या, मग पाण्याची जीभ वाळूत शिरत शिरत काळी पडत गेली. दुपारपर्यंत उभे राहिलो. माझं दार तिथून दिसत होतं.

"गुरुवारी बघू," ओर्लिंडा म्हणाली. "वरच्या चौघांची दारं येकदम पाडते आन् समदं पाणी येकाच येळी सोडते. जोर धरलं तर पोचंल. पर येकच दिवस मिळंल तुला, दोन न्हाई."

"एका दिवसात मिरची व्हत न्हाई."

"मग निम्मी लाव."

"आन् निम्मी सुकली तर?"

मला तिच्यावर चिडायचं होतं. अकरा वर्षं जिच्या एका शब्दावर मी खाल्लं तिच्यावर. तिलाही माझ्यावर चिडायचं असावं. आम्ही दोघंही उभेच.

तेवढ्यात वरच्या अंगानं रोमुलोची हाक आली, त्याच्या दारापाशी घुशीनं बांध पोखरलाय आणि पाणी रस्त्यावर चाललंय म्हणून. ओर्लिंडानं फावडं उचललं. "गोणपाट हाय का तुझ्या ट्रकमधी? दोन घे, न्हाईतर तीन घे. त्याचं भोक कवाच लहान नसतंय."

मी गोणपाटं आणायला वळलो. ती बांधावर चढून भराभर पुढे गेली, आणि मी पोचलो तेव्हा गुडघाभर पाण्यात बसून भोकात चिखल कोंबत होती.